बडोद्याहून जुन्या कार फेरीचा माग कसा काढायचा

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला माणसं आणि गाड्या नेणारी बोट म्हणजे कार फेरी. ती बघून परतलेल्या मंडळींचे फोटो बघितले की एक गोष्ट सारखी खटकते. बोट छान टिपलेली असते, पण ती नेमकी कोणती, भरतीच्या पाण्यावर निघाली की ओहोटीच्या, धक्का किती वाजता सोडला, याचा कुठे पत्ता नसतो. वर्षभराने तोच फोटो पुन्हा काढून बघा, त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. कारण काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. आधी कॅमेरा, मग जहाज कुठे आहे ते दाखवणारं मोबाइलवरचं ॲप, मग तिकीट, आणि भरतीचं कोष्टक सगळ्यात शेवटी, बहुतेकदा कधीच नाही. खंभातच्या आखातात हा क्रम चालत नाही. आधी बोटीची ओळख, मग पाणी, मग ॲप आणि त्यानंतर प्रवास, असं ठेवलं तर एका सहलीतून पुष्कळ हाती लागतं.

आणखी एक घोळ बडोद्याच्या लोकांचा खास आहे, तो आधीच मिटवू. जवळ पडतं म्हणून अजूनही कुणीतरी गाडी काढून दहेजला जातं. दहेज–घोघा फेरी सप्टेंबर २०१९ मध्ये गाळ आणि अपुऱ्या खोलीपायी थांबली, आणि ८ नोव्हेंबर २०२० पासून फेरी हजिरा–घोघा अशी सुरू झाली. म्हणजे आपल्याला भरूच ओलांडून सुरतेपलीकडे जायचंय.

टप्पा १: बोटीची ओळख पक्की करा

नावावर विसंबू नका. एकाच नावाची जहाजं जगात अनेक असतात, आणि जुन्या फेरीचं नाव मालकागणिक बदलत जातं. बदलत नाही तो सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक. जहाज विकलं, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) बदलला, रंग बदलला तरी तो तोच राहतो. ॲपमध्ये दिसणारा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक वेगळा. तो वायरलेसचा, आणि झेंडा बदलला की बदलतो. भारतीय जहाजाचा एमएमएसआय ४१९ ने सुरू होतो.

आयएमओ क्रमांक लिहून घेताना अंक चुकतात, विशेषतः गंजलेल्या पत्र्यावरचा ३ आणि ८. त्यावर सोपा उपाय आहे. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक असला पाहिजे. उदाहरणादाखल ९०७४७२९ घ्या. ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४, बेरीज १३९, शेवटचा अंक ९. जुळलं. नाही जुळलं तर क्रमांक वाचण्यात चूक आहे, पुढे जाऊ नका.

क्रमांक सापडतो कुठे? पिछाडीला नावाखाली किंवा बाजूवर मोठ्या अक्षरांत. बाहेरून दिसला नाही तर गाड्यांच्या डेकवर शिरताना पुढच्या किंवा मागच्या आडव्या भिंतीकडे बघा. गाड्या वाहणाऱ्या जहाजांत तो आतही कोरायचा असतो, आणि या भिंतीवर तो बहुधा असतो. गाडी लावून वर जाताना दोन सेकंद मिळतात तेवढे पुरे.

क्रमांक हाती आला की इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून तो घाला. बांधणीचं वर्ष, आधीची नावं, मालक, वर्गीकरण संस्था (जहाजाची तांत्रिक तपासणी करून दाखला देणारी), सगळं एका ठिकाणी मिळतं. हे घरी बसून, निघायच्या आठवडाभर आधी करायचं काम आहे.

सावध: टनेज वाचताना घसरू नका. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. आशियातल्या वापरलेल्या कार फेऱ्यांपैकी बऱ्याच जपानकडून आलेल्या असतात, आणि जपानी देशांतर्गत मोजणीत त्यांचा आकडा आंतरराष्ट्रीय मोजणीपेक्षा बराच लहान येतो. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की लोक लगेच "मधे बोट वाढवली" असा निष्कर्ष काढतात. बोट तेवढीच असते, मोजपट्टी निराळी.

टप्पा २: भरतीचं कोष्टक, तेही घोघ्याचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. घोघा–भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. बोट कधी लागते, किती वेगाने जाते, फोटोत धक्क्याच्या वर दिसते की खाली, हे सगळं या पाण्यावर ठरतं.

ज्यांचं आजोळ कोकणात आहे त्यांना पाऊणकीचा हिशेब ठाऊक असेल. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ. मुंबईला आणि कोकणपट्टीला तो ढोबळमानाने लागतो. इथे लावू नका. भरतीची लाट आखातात वर चढत जाते, घोघ्याला पोचेपर्यंत काही तास जातात. चतुर्थीला तीन वाजता भरती असं मनाशी धरून निघालात तर समोर चिखल आणि दूरवर पाण्याची रेघ दिसेल.

भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं भावनगरासाठी छापली जातात, ती घ्या. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर समुद्राच्या स्थितीचा अंदाजही मिळतो. कोष्टकातून चार गोष्टी वहीत उतरवा. त्या दिवसाच्या दोन्ही भरतींच्या वेळा, दोन्ही ओहोटींच्या वेळा, प्रत्येकीची उंची, आणि तिथी. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी कामाची नाही.

आता प्रवाहाकडे. नकाशा उघडून बघा. हजिऱ्याहून घोघा सरळ पश्चिमेला नाही, बराचसा उत्तरेला आहे. आखातातलं पाणीही भरतीला उत्तरेकडे चढतं आणि ओहोटीला दक्षिणेकडे उतरतं. म्हणजे फेरीचा मार्ग जवळजवळ प्रवाहाच्या रेषेतच जातो. भरती चढत असताना घोघ्याकडे निघालेल्या बोटीला पाणी पाठीमागून ढकलतं. तीच बोट उतरत्या पाण्यात प्रवाहाशी झगडत जाते. भरती आणि ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात असतं.

यातूनच ती नेहमीची अफवा उठते, "इंजिन थकलं, बोट हळू झाली." ॲप दाखवतं तो जमिनीच्या हिशेबाने वेग, पाण्याच्या हिशेबाने नव्हे. समजा एका खेपेला १३ नॉट दिसले आणि परतीला ९. दोन्ही वेळा प्रवाहाचा जोर सारखाच असेल तर बोटीचा खरा वेग ११ च्या आसपास आहे आणि फरक पाण्याचा आहे. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. इंजिनाबद्दल बोलायचं तर एकाच तिथीच्या, भरतीच्या त्याच तासातल्या खेपा एकमेकींशी ताडून बघा. बाकीच्या तुलना फुकट आहेत.

तपासा: वहीत भावनगरच्या वेळा आहेत ना, की चुकून मुंबईच्या? कोष्टक भारतीय वेळेत आहे ना?

टप्पा ३: ॲपवर बोट बघणं

निघण्याआधीचे काही दिवस रोज दोनदा बोट बघून ठेवा, म्हणजे तिची नेहमीची चाल कळते. जहाजावरची एआयएस ही आपोआप ओळख आणि ठिकाण कळवणारी यंत्रणा चालू जहाजाची जागा दर काही सेकंदांनी पाठवते, धक्क्याला बांधलेल्या किंवा नांगरलेल्या जहाजाची दर तीन मिनिटांनी. पण हे संदेश व्हीएचएफ लहरींवरून जातात, आणि किनाऱ्यावर ऐकणारं केंद्र जवळ असलं तरच ते ॲपपर्यंत पोचतात. आखाताच्या मध्यावर बोट गायब झाली तर ते कव्हरेजचं भोक आहे. ॲप मग दोन ठिपके सरळ रेघेने जोडून मोकळं होतं, आणि ती रेघ कधीकधी घोघ्याजवळच्या पिरम बेटावरून जाते. बोट बेटावर चढलेली नाही, निश्चिंत राहा.

कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही, ते असं. जागा, वेग आणि दिशा उपकरणातून आपोआप येतात, त्यामुळे बहुधा बरोबर असतात. कुठे चाललंय, पोचण्याची वेळ, पाण्यातली खोली (म्हणजे बोट पाण्यात किती बुडलीय ते), "नांगरलेलं" की "चालू", हे बोटीवरचा माणूस हाताने भरतो. तो कामात असतो. तीन महिन्यांपूर्वीचं बंदर तसंच राहिलेलं दिसेल. "बोट दुसऱ्याच बंदराला निघाली" अशी ओरड बहुधा इथूनच होते.

शेवटचा संदेश किती जुना आहे ते आधी वाचा, मग ठिपका बघा. आणि वेळ जागतिक घड्याळात (यूटीसी) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा.

सावध: समुद्री वॉकीटॉकी विकत घेऊन धक्क्यावर जाऊ नका. परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगणं गुन्हा आहे, बंदरावर तर त्याची चौकशी हमखास होते. ड्रोनही घरीच ठेवा.

टप्पा ४: दिवस निवडा, निघा

पावसाळा टाळा. वाऱ्यापायी खेपा रद्द होतात, आणि उडणाऱ्या पाण्यात बघण्यासारखंही फारसं काही उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण सकाळचं धुकं धरून चाला.

आदल्या संध्याकाळी फेरी चालवणाऱ्या कंपनीकडे फोन करून तीन प्रश्न विचारा. उद्याची खेप नक्की आहे का, वेळ बदलली आहे का, आणि बोट कोणती लागणार आहे. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि आपल्याला कामाचा तोच. जुनी बोट दुरुस्तीला गेली असेल तर बदली बोट धावते आणि सगळा खटाटोप वाया.

गाडीने जायचं तर पहाटे निघा, भरूचच्या नर्मदेच्या पुलाजवळ वाहतूक कधी तुंबेल सांगता येत नाही. त्यापेक्षा रात्रीच रेल्वेने सुरत गाठून तिथे मुक्काम केलेला बरा. मला विचाराल तर एक बाजू बोटीने आणि दुसरी रस्त्याने करा. हजिऱ्याहून घोघा, मग भावनगर, धोलेरा, वटामण चोकडी, तारापूर आणि वासदवरून बडोदा. सेवा सुरू झाली तेव्हा हजिरा–घोघा अंतर रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्राने ९० आणि वेळ सुमारे चार तास असं सांगितलं गेलं होतं. भावनगरात गाठिया बांधून घ्यायला विसरू नका, पण गाठिया खातखात कॅमेरा हाताळू नका.

सोबत काय घ्यायचं? ओळखपत्र, वही, पेन्सिल (घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने पेनची शाई पसरते), लहान दुर्बीण, भिंगाच्या काचेसाठी सुती फडकं, टोपी.

टप्पा ५: बोटीवर चढताना आणि चढल्यावर

गाडी नेत असाल तर वरच्या डेकवर लागणारं सामान आधीच एका पिशवीत भरून ठेवा. बोट सुटल्यावर गाड्यांचा डेक बंद होतो आणि पोचेपर्यंत खाली जायला मिळत नाही. हा नियम सुरक्षेचा आहे, खलाशाशी वाद घालू नका. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, गाडीचा अलार्म बंद करा. नाहीतर बोटीच्या हेलकाव्याने तो चार तास बोंबलतो आणि सारंग (खलाशांचा मुकादम) तुम्हाला शोधत वर येतो.

घोघ्याला बोट पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला लागते, आणि पाँटूनपासून किनाऱ्यापर्यंत पाण्याबरोबर वर-खाली होणारा पूल आहे. तो पूल नीट बघा. भरतीला जवळजवळ सपाट, पूर्ण ओहोटीला चांगला चढ. खाली बसकी गाडी असेल तर ओहोटीच्या खेपेला हळू चालवा. आपल्या वहीसाठी मात्र ही सोन्यासारखी जागा आहे. पुलाच्या उताराचा फोटो वेळेसकट काढला की त्या दिवशीचं पाणी कुठवर होतं ते कायमचं नोंदलं जातं.

पहिला अर्धा तास फोटोत घालवू नका. या चार घटनांच्या घड्याळी वेळा लिहा. रॅम्प उचलला, शेवटचा दोर सुटला, पहिला दोर लागला, रॅम्प टेकला. "बोट सुटली ८ वाजता" असं लिहिणं निरुपयोगी आहे, सुटली म्हणजे यातलं नेमकं काय? रॅम्प उचलण्यापासून दोर सुटेपर्यंत किती मिनिटं गेली, हा आकडा जुन्या बोटीबद्दल खूप सांगतो. रॅम्प उचलणारं हायड्रॉलिक थकलं की पहिल्यांदा इथेच लक्षात येतं.

पाण्यातली खोलीही वाचा, पण ती चढण्याआधी धक्क्यावरूनच. नाळेपाशी (बोटीच्या पुढच्या टोकाला) आणि पिछाडीला आकडे रंगवलेले असतात. मीटरच्या पट्टीत प्रत्येक आकडा १० सेंटीमीटर उंच असतो, आणि आकड्याची खालची कड म्हणजे तेवढी खोली. पाणी आकड्याच्या मध्यावर असेल तर ५ सेंटीमीटर मिळवा. बोटीच्या बाजूवर मध्यभागी गोल आणि त्यातून आडवी रेघ असलेली भाररेषेची खूण दिसेल, बोट जास्तीत जास्त कुठवर बुडू द्यायची ते सांगणारी. भारतीय वर्गीकरण संस्थेकडे जहाज असेल तर गोलाच्या दोन बाजूंना रोमन लिपीतली आय आणि आर ही अक्षरं असतात. या खुणेचा एक स्वच्छ फोटो हजार सूर्यास्तांपेक्षा मोलाचा.

टप्पा ६: म्हातारपणाच्या खुणा वाचणं

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण गंज दिसला की धोका, असं गणित मनात बसलेलं असतं.

पाणी वाहून जाण्याच्या भोकांखाली तांबूस ओघळ म्हणजे रंग उडालाय, एवढंच. समुद्रावरच्या कुठल्याही बोटीवर दोन महिन्यांत ते येतात. लक्ष द्यायचं ते वेगळ्या गोष्टींकडे. सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूचा पत्रा बघा. दोन चौकटींमधला पत्रा आत दबून आतल्या फासळ्या बाहेर उमटलेल्या दिसतात का? कुठे जाड पत्र्याचं चौकोनी ठिगळ वितळजोडाने (वेल्डिंगने) बसवलंय का? आतल्या एखाद्या पाइपावर सिमेंटचा ठोकळा ओतलाय का? रॅम्पच्या बिजागरीपाशी ताजा वितळजोड आहे का? हे सगळं जशास तसं लिहा, अर्थ लावू नका.

नावाची पाटी जवळून बघाच. जहाजाचं नाव नुसतं रंगवत नाहीत, बऱ्याचदा वितळजोडाच्या उंचवट्याने उमटवतात. मालक बदलला की जुनी अक्षरं नीट घासली जात नाहीत. नव्या रंगाखालून, बाजूने ऊन पडलं की, जुनं नाव हळूहळू वाचता येतं. इक्वासिसवरच्या जुन्या नावाशी ते ताडून बघायला मजा येते. आतही शोधा. जिन्याच्या कठड्यावरच्या परक्या लिपीतल्या सूचना, बूट काढून बसायच्या गालिचाच्या खोल्या, बांधणाऱ्या गोदीची पितळी पाटी. ही पाटी बहुधा पुढच्या बाजूला, प्रवासी डेकच्या दर्शनी भिंतीवर असते. रंगाने बुजली असेल तर नखाने खरवडू नका, सारंगाला विचारा. असली माणसं विचारलं की खूश होतात, न विचारता हात लावला की चिडतात.

धूर बघताना इंजिन सुरू होतानाचा काळा धूर सोडून द्या, तो असतोच. वेग धरल्यावर अर्ध्या तासानेही निळसर धूर येत राहिला तर वंगण जळतंय. तेवढं लिहा, वेळेसकट.

सावध: "बोट धोकादायक आहे" असं स्वतःच्या अंदाजाने पसरवू नका. प्रवासी जहाजाचं सर्वेक्षण दरवर्षी होतं आणि ते करणाऱ्यांच्या हातात पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र असतं. आपल्या हातात दुर्बीण असते. खरोखर काही गंभीर दिसलं, म्हणजे जीवरक्षक जॅकेटांचं कपाट कुलूपबंद वगैरे, तर तिथल्या तिथे बोटीवरच्या अधिकाऱ्याला सांगा.

टप्पा ७: फोटो

सकाळी हजिऱ्याच्या बाजूने, दुपारनंतर घोघ्याच्या बाजूने. दोन्हीकडे ऊन पाठीशी राहतं. बोटीवर सकाळी घोघ्याकडे जाताना उजवीकडे सूर्य डोळ्यांत येतो, डावीकडे जा. बंदराच्या आत फोटोला मनाई असेल तर मनाई, पाटी वाचा आणि रखवालदाराला विचारा. इतर प्रवाशांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर चौकटीबाहेर ठेवा.

आखाताचं पाणी गढूळ तपकिरी असतं. घरी येऊन ते निळं करायचा मोह आवरा, गाळ हीच तर या मार्गाची गोष्ट आहे.

टप्पा ८: बोट दिसेनाशी झाली तर

वेळापत्रकातून जुनी बोट गेली की लगेच "भंगारात गेली" अशी बोंब होते. क्रमाने तपासा. आधी गोदी. वार्षिक सर्वेक्षणाला आणि तळाच्या तपासणीला ती काही आठवडे जातेच, बहुधा पावसाळा गाठून. ॲपवर शेवटची जागा एखाद्या दुरुस्ती गोदीपाशी आहे का ते बघा. मग बदली. कंपनीची दुसरी बोट त्या मार्गावर लागली असेल आणि ही दुसऱ्या कामाला. मग विक्री. इक्वासिसवर मालकाचं नाव बदललंय का? नाव अचानक आखूड झालं असेल, जुन्या नावाची दोन-तीन अक्षरं नुसती रंगाने पुसलेली, आणि झेंडाही बदलला असेल, तेव्हाच अलंगची, म्हणजे जहाजं तोडायच्या भंगारवाड्याची शंका घ्या.

अलंग घोघ्याच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर आहे, आणि जहाज तिथे उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर चढवतात. टप्पा २ मधलं कोष्टक इथेही लागतं. भंगारवाड्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही, कुंपणापाशी घुटमळू नका. रस्त्याच्या कडेला मात्र जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं लागतात. कपाटं, भांडी, घड्याळं, जीवरक्षक रिंगा. रिंग घेताना तिच्यावरचं नाव आणि नोंदणीचं बंदर दोन्ही वाचा, आणि रंग ताजा वाटला तर उलटवून बघा. नुसत्या नावावर भुलून घेतलेल्या रिंगा त्याच नावाच्या दुसऱ्याच जहाजाच्या निघतात. दुकानदाराला ते कोणत्या प्लॉटवरून आलं ते विचारा आणि ते लगेच वहीत लिहा, कारण बिलावर तो फक्त "रिंग, १ नग" लिहितो.